ठरवून जगायचं, तर वेळापत्रक आधी आखू नका

मूल लहान आणि धंदा स्वतःचा, अशी एखादी मैत्रीण "काहीच जमत नाहीये गं" म्हणत येते, तेव्हा तिच्या हातात बहुतेक वेळा एक वेळापत्रक आधीच असतं. रंगीत, तासातासाचं, सुबक. तिसऱ्या दिवशी कोलमडलेलं. मग ती आणखी बारकाईने दुसरं आखते, तेही कोलमडतं, आणि सगळा दोष ती स्वतःच्या आळशीपणाला देऊन मोकळी होते.

आळशीपणा वगैरे काही नसतो, पायऱ्यांचा क्रम उलटा झालेला असतो. वेळापत्रक ही सहावी पायरी आहे. तिच्याआधी पाच पायऱ्या आहेत, आणि त्या कंटाळवाण्या असल्यामुळे सगळ्याजणी टाळतात. मीही टाळल्या होत्या. माझं लेबलं आणि पाकिटांची डिझाइनं करून देण्याचं छोटं काम आहे, आणि खालचा क्रम दोनदा तोंडावर पडल्यानंतर बसलेला आहे.

## सुरू करण्याआधी

सामान फार लागत नाही. खिशात मावेल अशी वही, मागच्या तीन महिन्यांची बिलं, शाळेचं किंवा पाळणाघराचं सुट्ट्यांचं पत्रक, आणि चौथ्या पायरीला समोर बसवता येईल असा एक मोठा माणूस. नवरा, आई, सासू, बहीण, मैत्रीण, पगारी मदतनीस, कुणीही चालेल. एकटीने मूल वाढवत असाल, तर तुमच्यासारखीच दुसरी आई शोधा, जिच्याशी वेळेची अदलाबदल करता येईल.

वेळ मात्र लागतो. पहिल्या पायरीला पूर्ण आठवडा आणि चौथीला तीन आठवडे. सगळं मिळून दीड महिना धरा. एका रविवारात हे उरकायला बसलात, तर पुन्हा रंगीत तक्ताच हातात येईल.

थांबा – बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर. तान्हं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. त्या काळात तासांची नोंद ठेवणं म्हणजे स्वतःचा छळ आहे. सध्या फक्त पाचवी आणि सातवी पायरी करा, बाकीच्या नंतर.

तपासा – मन. दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, तर ही वेळेच्या नियोजनाची अडचण नाही. डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी १९८७पासून वापरात असलेली 'एडिनबरा' नावाची १० प्रश्नांची यादी आहे. ती भरायला काही मिनिटं लागतात आणि डॉक्टर किंवा नर्स तुमच्यासोबत बसून ती बघू शकतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जा.

## पायरी १ : सात दिवसांची खरी नोंद

आठवड्यात १६८ तास असतात. ते कुठे जातात याचा आपल्या डोक्यातला अंदाज जवळजवळ नेहमी चुकलेला असतो. म्हणून सात दिवस वही जवळ ठेवा आणि काम बदललं की एक ओळ लिहा: किती वाजता, काय, आणि हातातलं काम कुणी तोडलं. बस, एवढंच.

माझ्या पहिल्या वहीतला एक तुकडा देते, म्हणजे कसं लिहायचं ते कळेल.

> १०:१० बिल काढायला घेतलं
> १०:१४ पेन्सिलीला टोक
> १०:१९ बिल
> १०:२३ ग्राहक – निळा जरा गडद करा
> १०:४१ बिल. कुठवर आले होते?
> १०:४४ शू
> १०:५५ तिथेच पडलेले कपडे मशीनला लावले
> ११:१० बिल
> ११:१८ "आई, हे बघ" (बघितलं नाही, हो म्हटलं)
> ११:५० बिल गेलं. रक्कम चुकली. रात्री परत.

पाच ओळींचं बिल, एक तास चाळीस मिनिटं, तेही चुकीचं. हे वाचेपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की माझ्याकडे वेळच नाही. वेळ होता, त्याचा भुगा झालेला होता. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये यावर लिहिलं आहे: एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो, तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. मुलासोबत बसलेल्या आईच्या डोक्यात बिल चालू असतं आणि बिल करणाऱ्या आईच्या कानात मूल, आणि दोन्हीकडे ती अर्धीच असते.

आठवडा संपला की पाच रकान्यांत बेरीज करा: झोप, मूल, धंदा, घर आणि भुगा. मूल आणि धंदा एकाच वेळी चालू होते असे तास 'भुगा' या रकान्यात घाला, धंद्याच्या नाही. इथे बहुतेकींना धक्का बसतो.

नेहमीच्या चुका. रात्री आठवून लिहिणं ही पहिली. रात्री आठवतो तो दिवस आपण जगलेला नसतो, जगायला हवा होता असा असतो. नोंद चालू असतानाच सुधारायला लागणं ही दुसरी. या आठवड्यात काही सुधारायचं नाही, गलथानपणासकट उतरवायचं. आणि तिसरी, ही वही नवऱ्याच्या तोंडावर पुरावा म्हणून फेकणं. मोह मलाही झाला होता. पण वही एकदा भांडणात ओढली गेली, की चौथ्या पायरीला समोरचा माणूस हाताची घडी घालूनच बसतो.

तपासा. पाचही रकान्यांची बेरीज १६८ येते का? जास्त आली तर काही तास दोनदा मोजले आहेत.

## पायरी २ : 'पुरेसं' म्हणजे किती, ते लिहून काढा

ठरवून जगण्यातला 'ठरवून' हा शब्द इथे येतो. पुढच्या तीन महिन्यांपुरतं, फक्त तीनच महिन्यांपुरतं, तीन ओळींत उत्तर लिहा: मुलासाठी काय झालं की पुरेसं, धंद्यात काय झालं की पुरेसं, आणि स्वतःसाठी काय झालं की पुरेसं.

इथे 'उत्तम' लिहू नका. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ च्या एका निबंधात 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली. आई सुरुवातीला बाळाच्या गरजेशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते आणि बाळाला पेलेल तसतसं ते जुळवून घेणं हळूहळू कमी करत जाते, अशी ती मांडणी आहे. म्हणजे थोडं कमी पडणं हा मूल वाढण्याचाच भाग. हे वाचून मला फार हायसं वाटलं होतं, पण कागदावर उतरवताना पुन्हा चूक केलीच. मी लिहिलं: 'मुलाला दर्जेदार वेळ देणे.' आता हे झालं की नाही, रात्री तपासणार कसं?

ओळ अशी हवी की रात्री हो किंवा नाही एवढंच उत्तर देता यावं. 'झोपण्याआधीचा अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत' ही ओळ तपासता येते. 'नवीन तीन कामं, त्याहून जास्त घ्यायची नाहीत' हीसुद्धा येते. 'आरोग्याकडे लक्ष' येत नाही, 'आठवड्यातून पाच रात्री सात तास झोप' येते.

सावधान. धंद्याची ओळ लिहिताना बरोबरीच्या एखादीचा वाढता पसारा डोळ्यांसमोर आणू नका. तिचं मूल पंधरा वर्षांचं असेल, किंवा तिच्याकडे दोन माणसं कामाला असतील. ते आपल्याला दिसत नाही.

## पायरी ३ : आधी काढून टाका

आता बेरीज आणि या तीन ओळी शेजारी ठेवा. त्या तीन ओळींसाठी लागणारे तास आहेत का? जवळजवळ कधीच नसतात. म्हणजे काहीतरी काढावं लागणार, आणि ते आत्ताच, वेळापत्रकाआधी. नाहीतर वेळापत्रक कुठलाही आवाज न करता तुमची झोप काढून घेईल.

नोंदवहीतल्या प्रत्येक कामासमोर तीनपैकी एक खूण करा:

- मी – मीच करायला हवं. दुसऱ्याने केलं तर ते काम ते राहत नाही.
- दुसरं – कुणीतरी करायला हवं, पण मीच असं नाही.
- कुणी नाही – केलं नाही तर महिन्याभरात कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पहिल्या फेरीत सगळ्याच कामांपुढे 'मी' येतं. दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी करा आणि प्रत्येक 'मी'ला विचारा: मला महिनाभर दवाखान्यात राहावं लागलं तर हे काम थांबेल का? ज्याचं उत्तर 'नाही' येतं, ते 'दुसरं'मध्ये गेलं.

धंद्यासाठी वेगळा हिशोब आहे. तीन महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक ग्राहकासमोर मिळालेली रक्कम आणि गेलेले तास लिहा. फोन, मेसेज, फेरबदल, पैशांचा पाठपुरावा, सगळं तासांत धरा. मग भागाकार. माझ्या यादीत सगळ्यात जास्त कौतुक करणारा ग्राहक तळाला निघाला, कारण तो दर डिझाइन सात-आठदा बदलून घ्यायचा. तासाला सगळ्यात जास्त देणारं काम एका अबोल गृहस्थांचं होतं, ज्यांना मी वर्षभर शेवटी उत्तर देत होते. ते कधी तक्रार करत नव्हते ना!

यादीच्या तळाचा एक ग्राहक सोडा किंवा त्याचे दर वाढवा. एकच, सगळे एकदम नाहीत.

उरलेल्या कामांना किती वेळ लागेल याचा अंदाज लिहा आणि त्याला दीडने गुणा. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीला 'नियोजनातली गफलत' असं नाव दिलं. आधी तसंच काम रखडल्याचा अनुभव असूनही माणूस पुढच्या वेळचा अंदाज कमीच धरतो. घरात लहान मूल असताना दीडपटही कधी कमी पडते.

नेहमीची चूक. जे काढल्यावर कुणी ओरडत नाही ते आधी काढलं जातं, म्हणजे स्वतःची झोप, चालणं, मैत्रिणीचा फोन. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. आठवड्याचे ते ४९ तास १६८ मधून आधी वजा करा आणि उरलेल्या ११९ तासांवरच बाकीचा खेळ मांडा.

## पायरी ४ : काम द्या, आणि त्याची आठवणही द्या

सगळ्यात जास्त जणी इथे अडखळतात, म्हणून इथे जरा थांबून लिहिते.

"मला सांगितलं असतंस तर केलं असतं."

हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं, तिथे काम वाटलेलं नसतं, हात तेवढे उसने घेतलेले असतात. अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये घरातल्या डोक्याच्या कामाचे चार भाग मांडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यांच्या पाहणीतल्या जोडप्यांमध्ये निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेत होती, पण आधी ओळखणं आणि मागून लक्ष ठेवणं हे मुख्यतः बायकांकडे होतं. या दोन भागांना लागणारा वेळ दिसत नाही, त्यामुळे ते नोंदवहीतही येत नाहीत.

तेव्हा काम देताना चारही भाग द्या. लसीकरण देत असाल तर 'उद्या याला लस द्यायला ने' असं नाही. पुढची लस कधी आहे हे बघणं, डॉक्टरांची वेळ घेणं, नेणं, रात्री ताप आला तर काय द्यायचं हे विचारून ठेवणं, कार्ड जागेवर ठेवणं, हे सगळं मिळून एक काम. शाळेच्या सूचना देत असाल तर शाळेच्या ग्रुपवर ते असतील, तुम्ही नाही. हे अवघड जातं. मी ग्रुप सोडला त्या रात्री दोनदा नवऱ्याच्या फोनमध्ये डोकावले होते.

द्यायची रीत:

१. 'दुसरं' खूण केलेल्यांपैकी फक्त दोन कामं निवडा. दहा दिलीत तर तीन दिवसांत सगळी परत येतील.

२. 'झालं' म्हणजे काय ते दोन-तीन ओळींत लिहून द्या. कसं करायचं ते लिहू नका, शेवटी काय दिसायला हवं एवढंच.

३. तीन आठवडे आठवण करायची नाही, सुधारायचं नाही, मागून जाऊन पुन्हा करायचं नाही. मोजे उलटे निघतील, निघू द्या. शाळेत एखाद दिवस रंगपेटी जाणार नाही. चालतं.

४. तीन आठवड्यांनी बसून बोला. जमलं असेल तर तिसरं काम.

सावधान – सवलत नाही अशा गोष्टी. औषधाची मात्रा, मुलाच्या अ‍ॅलर्जी, शाळेतून घ्यायला कोण येणार, गाडीतली मुलांची सीट, पाण्याजवळ लक्ष. या लिहूनच द्यायच्या, आणि इथे 'त्यांच्या पद्धतीने' हा नियम लागू नाही.

धंद्यातलं काम देताना क्रम वेगळा असतो. जे वारंवार येतं आणि ज्याचे नियम लिहिता येतात ते आधी द्या: पार्सलं भरणं, फोटोंना नावं देणं, ठरलेल्या उत्तरांचे मेसेज, बिलांची नोंद. दर ठरवणं आणि नाराज ग्राहकाशी बोलणं शेवटी. शिकवायला वेळ नसेल, तर पुढच्या वेळी तेच काम करताना स्क्रीन रेकॉर्ड करा आणि तोंडाने बोलत जा, शिकवणी तयार होते. खात्यांचा स्वतःचा पासवर्ड मात्र देऊ नका. बहुतेक व्यावसायिक अ‍ॅपमध्ये मदतनिसाला मर्यादित अधिकारांचं वेगळं लॉगिन देता येतं, ते द्या.

तपासा. दिलेलं काम तुम्हाला आठवलंच नाही, असा एक तरी दिवस गेला का? गेला असेल तर ते खरंच गेलं.

## पायरी ५ : ग्राहकांना नियम सांगा, आणि आधी स्वतः पाळा

रात्री साडेदहाला आलेल्या मेसेजला दहा चाळीसला उत्तर दिलंत, की ग्राहकाच्या दृष्टीने तुमचं दुकान रात्री पावणेअकरापर्यंत उघडं असतं. त्याची काही चूक नाही.

धंद्याचा नंबर वेगळा घ्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कामाच्या वेळा आणि वेळेबाहेर आपोआप जाणारा मेसेज लावता येतो. रात्री सुचलेलं उत्तर लिहायचंच असेल तर मेल लिहून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची वेळ लावून ठेवा, जीमेलमध्ये ती सोय आहे.

जुन्या ग्राहकांना दोन आठवडे आधी कळवा. कारणं देऊ नका, माफी मागू नका. माझा मेसेज एवढाच होता:

"नमस्कार. पुढच्या महिन्यापासून मी सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते तीन या वेळेत मेसेजना उत्तर देईन. छपाई सुरू असताना काही बिघडलं तर फोन करा, तो मी कधीही घेईन. चालू कामांच्या तारखा आहेत तशाच राहतील."

यातली शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. तातडीचं म्हणजे काय हे तुम्ही सांगितलं नाहीत, तर ते ग्राहक ठरवतो. आणि तारखा हलणार नाहीत हे कळलं की बहुतेकांना तुमच्या वेळांशी काही देणंघेणं नसतं. मी धास्तावून बसले होते, दोघांनी अंगठा पाठवला आणि बाकीच्यांनी काहीच नाही.

नेहमीची चूक. नियम जाहीर करून पहिल्याच आठवड्यात आपणच तो मोडणं. "एवढंच सांगते" म्हणून रात्री दिलेलं एक उत्तर महिनाभराची शिस्त पुसतं. आणखी एक: काम ज्या दिवशी संपेल असं वाटतं, तीच तारीख ग्राहकाला देऊ नका. मधे एक आजारपण बसेल एवढे, दोन-तीन दिवस, पुढची तारीख द्या.

## पायरी ६ : आता वेळापत्रक

आठवड्याचा कोरा तक्ता घ्या आणि याच क्रमाने भरा.

आधी झोप. मग मुलाच्या न हलणाऱ्या वेळा: शाळा, पाळणाघर, झोपवणं, आणि दुसऱ्या पायरीतली तुमची ओळ. मुलांच्या झोपेला नीट जागा द्या. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास लागतात, ६ ते १२ वर्षांच्याला ९ ते १२. त्यानंतर ज्या वेळी मुलाची जबाबदारी दुसऱ्या मोठ्या माणसावर आहे त्या वेळांना वेगळा रंग द्या. डोकं लावायचं काम, म्हणजे डिझाइन, हिशोब, दरपत्रक, फक्त याच रंगात बसवायचं. इतर कुठेही नाही. माझ्या मते अख्ख्या लेखातला सगळ्यात कडक नियम हाच.

"तो दुपारी झोपला की करते" हा धंद्याचा वेळ नव्हे. झोप कधी वीस मिनिटांची असते, कधी दोन तासांची, आणि पुढे ती जातेच. बरीच मुलं सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास दोनची एक झोप करतात आणि पाच वर्षांपर्यंत बहुतेकांची दुपारची झोप सुटते. त्या वेळात मधेच टाकता येईल असंच काम ठेवा: फायली आवरणं, मेसेज वाचणं, नाहीतर स्वतः आडवं होणं.

अंगावर पाजत असाल तर दूध काढण्याची वेळही तक्त्यात लिहा, 'मधे कधीतरी' नाही. काढलेलं ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास आणि फ्रीजमध्ये ४ दिवस टिकतं. खोली त्याहून गरम असेल तर थेट फ्रीज.

तक्त्याचा पाचवा हिस्सा कोरा ठेवा, निदान एवढा तरी. तो तुम्ही भरला नाहीत तरी भरतो.

शेवटी, काम आणि मूल यांच्यामधले सांधे. दिवस इथेच फाटतो. काम बंद करताना एका चिठ्ठीवर पुढचं एकच पाऊल लिहून लॅपटॉपवर चिकटवा: 'उद्या – तिसऱ्या लेबलची मागची बाजू'. डोकं मोकळं व्हायला याने खरंच मदत होते. आणि संकल्प 'अमुक झालं की तमुक' अशा रूपात बांधा. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये अशा संकल्पांवरचं काम मांडलं. 'मी लवकर काम थांबवीन' यापेक्षा 'तीनचा गजर वाजला की लॅपटॉप मिटीन आणि चपला घालीन' हे पाळलं जाण्याची शक्यता जास्त असते. चपला घालण्याचा भाग माझा. चपला पायात असल्या की मी परत खुर्चीवर बसत नाही.

सावधान. आठ महिने ते दीड वर्ष या वयात आई नजरेआड झाली की बाळ घाबरतं, रडतं. त्याचं लक्ष नसताना गुपचूप सटकू नका, त्याने चिकटणं वाढतं. सांगून, एकच ठरलेली खूण करून, अर्ध्या मिनिटात निघा. दारात रेंगाळलात तर दोघंही रडता.

तपासा. तक्ता घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा आणि विचारा, "बुधवारी अकरा वाजता मुलाचं कोण बघतंय?" उत्तर द्यायला त्याला तुमच्याकडे बघावं लागलं तर तक्ता अपुरा आहे.

## पायरी ७ : बिघडलेल्या दिवसाचा कागद

ताप, पाळणाघराची अचानक सुट्टी, मदतनीस न येणं. हे अपवाद नाहीत, दर महिन्याला येणारे पाहुणे आहेत. त्यासाठी एक कागद फ्रीजच्या दारावर लावा:

- आज काहीही झालं तरी जायलाच हवं असं एकच काम कसं ओळखायचं (माझं: ज्याची छपाई उद्या आहे ते).
- ते करायला लागणारी ४५ मिनिटं कोण देईल: पहिला माणूस, तो नसेल तर दुसरा. नंबरासकट.
- ग्राहकांना पाठवायचा तयार मेसेज: "आज घरी आजारपण आहे, तुमचं काम गुरुवारी मिळेल." तारीख टाकून. तारखेशिवाय पाठवलात तर तासाभरात फोन येतो.
- घरातलं आज काय होणार नाही, त्याची यादी. ही यादी निर्लज्जपणे लांब असू द्या.

कागद शांत दिवशी लिहायचा. मांडीवर तापलेलं मूल असताना कुणाला फोन करावा हेही सुचत नाही.

## पायरी ८ : वीस मिनिटांचा आढावा

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसासोबत. दुसऱ्या पायरीतल्या तीन ओळी वाचायच्या आणि प्रत्येकीपुढे किती दिवस 'हो' होतं ते लिहायचं. पुढच्या आठवड्यात काय वेगळं आहे ते बघायचं. मग एकच बदल. एका वाईट आठवड्यानंतर अख्खा तक्ता फाडायचा नाही. दोन आठवडे सलग तीच ओळ 'नाही' आली, तर ती ओळ तरी चुकीची आहे किंवा तिसऱ्या पायरीत काढायचं काहीतरी राहून गेलं आहे. तक्त्यात खाडाखोड करण्याआधी तिथे परत जा.

दर तीन महिन्यांनी पहिली पायरी पुन्हा करा. या खेपेला पूर्ण सात दिवस लागत नाहीत, कामाचे दोन आणि सुट्टीचा एक, असे तीन पुरतात. मूल शाळेत जायला लागलं, दुपारची झोप सुटली, नवीन मदतनीस आला किंवा एखादं मोठं काम हाती घेतलं, तर तीन महिने होण्याची वाट बघू नका. त्या आठवड्यात वही खिशात टाका.